पदक देशाचं, मग घर कुणाचं?

मणिपूरच्या खेळाडूने आणलेलं पदक देशाचं असेल, तर त्याचं जळालेलं घरही देशाचंच आहे. हे एवढं एक वाक्य सरकारकडून, क्रीडासंघटनांकडून आणि सगळ्यात आधी आपल्या महाराष्ट्राच्या समाजाकडून मान्य करून घेण्यासाठी आम्ही एकत्र आलो आहोत. आमच्यात निवृत्त खेळाडू आहेत, शाळांमधले क्रीडाशिक्षक आहेत, तालमीत वाढलेले पैलवान आहेत, मैदानावरून बातम्या देणारे पत्रकार आहेत. आणि शिकायला, खेळायला, नोकरीला पुण्या-मुंबईत आलेली मणिपूरची मुलंमुलीही आहेत. त्यातली काही इंफाळच्या खोऱ्यातली, काही चुराचांदपूर-कांगपोकपीच्या डोंगरातली. ती आपल्या गावी एकमेकांच्या घरी जाऊ शकत नाहीत. इथे जाऊ शकतात. म्हणून हा जाहीरनामा इथे, मराठीत लिहिला जातो आहे.

3 मे 2023 च्या संध्याकाळी, मणिपुरात मुख्यतः खोऱ्यातल्या मैतेई आणि डोंगरातल्या कुकी-झो समाजांमध्ये हिंसाचार पेटला तेव्हा, चिंगलेनसाना सिंग कोझिकोडमध्ये हैदराबाद एफसीकडून सामना खेळत होता. भारताच्या राष्ट्रीय संघातला हा बचावपटू. सामना संपवून ड्रेसिंग रूममध्ये आला तेव्हा त्याचा फोन घरच्यांच्या मिस्ड कॉलने भरला होता. चुराचांदपूरमधलं त्याचं घर जाळलं गेलं. गावातल्या मुलांसाठी त्याने उभारलेलं फुटबॉलचं टर्फही गेलं. घरची माणसं वाचली. तो मैतेई. त्याच दिवसांत इंफाळमध्ये वर्षानुवर्षं राहणाऱ्या कुकी-झो कुटुंबांची घरंही तशीच जळाली, त्यांच्या मुलांचे बूट आणि प्रमाणपत्रंही त्याच आगीत गेली. अडीचशेहून अधिक माणसं मेली, साठ हजारांच्या आसपास माणसांना घर सोडावं लागलं.

आणि याच्या जेमतेम पाच आठवडे आधी, 22 आणि 28 मार्चला, इंफाळच्या खुमान लंपाक मैदानावर भारताचा फुटबॉल संघ म्यानमार आणि किर्गिझस्तानशी खेळला होता. मैदान माणसांनी ओसंडून वाहत होतं. मणिपूर हे भारतीय फुटबॉलचं माहेर आहे, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मे महिन्यात त्या माहेराचं काय चाललं आहे, हे विचारायला किती जण उरले?

आमचं म्हणणं नीट समजायचं असेल, तर त्या मातीत खेळ कसा वाढला ते आधी पाहावं लागेल. 2011 च्या जनगणनेत मणिपूरची लोकसंख्या साडेअठ्ठावीस लाख होती, पुणे महापालिकेच्या हद्दीतल्या माणसांपेक्षा कमी. एवढ्याशा राज्यातून टोकियो ऑलिंपिकला पाच खेळाडू गेले: मीराबाई चानू, मेरी कोम, हॉकीतली सुशीला चानू आणि नीलकांत शर्मा, ज्युदोतली सुशीला देवी. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या एकवीस जणांच्या संघात आठ मुलं मणिपूरची होती, कर्णधार अमरजित सिंग कियाम त्यातलाच. फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल केला तो थौबल जिल्ह्यातल्या जॅक्सन सिंगने. महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेत या राज्याने विसाहून अधिक वेळा विजेतेपद मिळवलं आहे. 1999 मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा इंफाळला झाल्या तेव्हा पदकतक्त्यात पहिला क्रमांक यजमानांचाच होता.

'त्यांच्या रक्तातच खेळ आहे' असं म्हणून आपण यावरून पुढे जातो. हे कौतुक वाटतं, पण ते खरं नाही, आणि त्यामुळे एक मोठी गोष्ट झाकली जाते. मणिपूरचा खेळ वस्तीने उभा केला आहे. तिथल्या वस्तीला लैकाई म्हणतात. जवळपास प्रत्येक लैकाईचा आपला क्लब असतो, आणि फाल्गुनी पौर्णिमेला, आपली होळी असते त्याच दिवशी, याओशांगचा सण सुरू झाला की पाच दिवस गल्लोगल्ली क्रीडास्पर्धा चालतात. शाळकरी पोरं धावतात, आज्याही धावतात. पैसा वर्गणीचा, पंच गल्लीतले, बक्षीस म्हणून भांडी किंवा ब्लँकेट. डोंगरात हेच काम गावचे आणि चर्चचे युवक संघ करतात. आपल्या कोल्हापुरात तालमीने जे केलं ते तिथे या क्लबांनी केलं आहे: मुलाला पहिल्यांदा मैदानावर आणलं, त्याचं नाव ठेवलं, आणि तो जिंकला की त्याला खांद्यावर घेतलं. मीराबाई नोंगपोक काकचिंगहून इंफाळला सरावाला जायची ती वाळूच्या ट्रकमध्ये बसून, आणि टोकियोहून परतल्यावर तिने पहिल्यांदा आठवण काढली त्या ट्रकचालकांची. तिला घडवणारी यंत्रणा कोणती होती, हे तिला ठाऊक होतं.

पोलोचंही तसंच. सगोल कांगजेई हा मणिपूरचा खेळ. तो काछारमध्ये मणिपुरी माणसांना खेळताना पाहून इंग्रज अधिकाऱ्यांनी 1859 मध्ये सिलचरला क्लब काढला, आणि तिथून पोलो जगभर गेला. इंफाळचं मापाल कांगजेईबुंग हे आजही वापरात असलेलं जगातलं सर्वांत जुनं पोलो मैदान मानलं जातं. 1891 च्या इंग्रज-मणिपूर युद्धानंतर ज्या युवराज टिकेंद्रजित यांना फाशी दिलं, ते स्वतः नामांकित पोलोपटू होते, आणि फाशी झाली ती या मैदानाच्या शेजारीच. त्यानंतर इंग्रजांनी थांग-ता या तलवार-भाल्याच्या विद्येवर बंदी आणली. तेव्हापासून त्या प्रांतात खेळ आणि सत्ता या दोन गोष्टी वेगळ्या काढता आलेल्या नाहीत. 1949 मध्ये शिलाँगला विलीनीकरणाच्या करारावर महाराजांची सही झाली, 1972 मध्ये राज्याचा दर्जा मिळाला, 1980 मध्ये सबंध राज्य अशांत क्षेत्र ठरवून सशस्त्र दलांना विशेषाधिकार दिले गेले. या सगळ्या काळात माणसं खेळत राहिली, कारण आपण कोण आहोत हे बंदुकीशिवाय सांगायची तीच एक मोकळी जागा होती.

सरकारने या जागेचं काय केलं, हा आमचा खरा प्रश्न आहे.

सरकारने काहीच दिलं नाही, असं आम्ही म्हणणार नाही. खुमान लंपाक उभं राहिलं, प्रशिक्षण केंद्रं आली, पदकविजेत्यांना रोख रकमा मिळाल्या. पण मणिपूरच्या खेळाडूला सरकारने दिलेली सगळ्यात नेहमीची भेट म्हणजे गणवेश. बॉक्सर डिंको सिंग नौदलात गेला. मेरी कोम पोलिसात गेली. मीराबाईला टोकियोनंतर राज्याने अतिरिक्त पोलीस अधीक्षकपद दिलं. शेकडो मुलं सैन्य, आसाम रायफल्स, सीमा सुरक्षा दल यांच्या संघांमधून खेळतात. यात त्या दलांचा दोष नाही. त्यांनी गरीब घरच्या मुलांना जेवण, प्रशिक्षक आणि पगार दिला, हे उपकार आहेत. पण ज्या प्रांतात गणवेशाकडे पाहून आई मुलाला घरात ओढून घेते, जिथे 2004 च्या जुलैमध्ये इंफाळच्या कांगला किल्ल्याच्या दारात आयांना सशस्त्र दलांविरुद्ध अंगावरची वस्त्रं उतरवून निषेध करावा लागला, तिथे मुलांना मैदानातून बाहेर पडण्याचा एकच दरवाजा ठेवायचा आणि तो बराकीत उघडायचा, हे धोरण म्हणून चूक आहे. या धोरणाचा आणखी एक परिणाम होतो, त्याकडे कुणी लक्ष देत नाही. सरकारी नोकर सेवानियमांनी बांधलेला असतो. प्रांतातली सगळ्यात ओळखीची, सगळ्यात विश्वासाची माणसं नोकरीच्या बदल्यात गप्प बसतात, आणि घर पेटतं तेव्हा बोलायला उरतात फक्त पुढारी आणि बंदूकवाले.

तरीही खेळाडू बोलले. 3 मेच्या रात्री मेरी कोमने समाजमाध्यमावर मदतीची हाक दिली. महिनाअखेरीला मीराबाई, बेमबेम देवी, सरिता देवी यांच्यासह अकरा क्रीडापटूंनी गृहमंत्र्यांना पत्र लिहून बंद पडलेला राष्ट्रीय महामार्ग खुला झाला नाही तर पुरस्कार परत करू, असं सांगितलं. त्या पत्रात मणिपूरच्या अखंडतेचीही मागणी होती, आणि तिच्याविषयी आमच्यातच दोन मतं आहेत. पण देशाने गळ्यात घातलेलं पदक हातात घेऊन ही माणसं दाराशी उभी राहिली, हे विसरता येणार नाही. जुलैमध्ये मीराबाईने परदेशातल्या सराव शिबिरातून पंतप्रधानांना साद घातली. ऑगस्टअखेर मेरी कोमने पुन्हा गृहमंत्र्यांना लिहिलं: दोन्ही बाजूंच्या मध्ये सापडलेली कोम समाजाची गावं वाचवा.

एक गोष्ट लोक आवर्जून सांगतात: राजकारणात खेळाडू आले की सगळं सुधारेल. मणिपूरने हेही करून पाहिलं. 2017 पासून 2025 च्या फेब्रुवारीपर्यंत मुख्यमंत्री असलेले एन. बिरेन सिंग स्वतः फुटबॉलपटू. 1981 मध्ये ड्युरंड चषक जिंकणाऱ्या सीमा सुरक्षा दलाच्या संघातले. त्यांच्याच कारकिर्दीत राज्याची दोन शकलं झाली. खुर्चीवर कोण बसला याने प्रश्न सुटत नाही. मैदानाकडे बघण्याची सरकारची नजर बदलावी लागते.

ती नजर कशी आहे, हे दोन जागांवर दिसतं. जानेवारी 2023 मध्ये इंफाळजवळ हैंगांगला मार्जिंग पोलो संकुलात घोडेस्वाराचा 120 फुटांहून उंच पुतळा उभा राहिला. ज्या मणिपुरी तट्टावर तो खेळ जन्मला, ती तट्टं 2012 च्या पशुगणनेत जेमतेम 1,100 च्या आसपास उरली होती. त्यांच्या चराईच्या पाणथळ जमिनी, लांफेलपातसारख्या, बांधकामांनी आणि अतिक्रमणांनी आक्रसत गेल्या. पुतळ्याला गवत लागत नाही. तट्टाला लागतं. दुसरी जागा कौत्रुक. देशाच्या पहिल्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते मार्च 2018 मध्ये झाली, आणि त्यासाठी जागा ठरली इंफाळच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी, कौत्रुकला. 1 सप्टेंबर 2024 रोजी त्याच कौत्रुक गावावर ड्रोनमधून बॉम्ब टाकले गेले. ज्या गावात देशाचं क्रीडा विद्यापीठ उभं राहायचं, ते गाव आपण सुरक्षित ठेवू शकलो नाही.

आता ओळखीविषयी. 4 जुलै 2023 च्या रात्री बंगळुरूच्या कांतिरवा मैदानावर भारताने कुवेतला हरवून सॅफ चषक जिंकला. पदक घेताना जॅक्सन सिंगच्या खांद्यावर मैतेईंचा सात रंगांचा ध्वज होता. देशभरातून त्याच्यावर टीका झाली, त्याला देशद्रोही म्हणेपर्यंत मजल गेली. मला कुणाच्या भावना दुखवायच्या नव्हत्या, माझ्या राज्याकडे लक्ष वेधायचं होतं, असं त्याने सांगितलं. आमची भूमिका स्पष्ट आहे. नव्वद मिनिटं आणि त्यापुढचा जादा वेळ जो भारतासाठी धावला, त्याच्या खांद्यावर काय आहे हे बघून त्याची निष्ठा मोजायचा अधिकार घरी बसून सामना पाहणाऱ्या कुणालाही नाही. महाराष्ट्राचा मल्ल दिल्लीत कुस्ती मारतो आणि 'जय शिवाजी' म्हणतो, तेव्हा त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. मग मणिपूरच्या मुलालाच प्रत्येक वेळी आधी देशभक्तीचा दाखला का मागायचा?

पण हेही इथेच लिहून ठेवतो. त्या ध्वजाकडे चुराचांदपूरच्या मदतछावणीतून पाहणाऱ्या कुकी मुलाला तो आपला वाटला नाही. तो ध्वज मैतेईंच्या सात कुळांचा आहे. त्या मुलाने जॅक्सनचे गोल साजरे केले होते, त्याचे फोटो भिंतीला लावले होते. त्याचं दुखणंही खरं आहे. ही दोन दुखणी आम्हाला एकाच वेळी दिसतात, आणि त्यातलं एक निवडा असं कुणी सांगितलं तर आम्ही निवडणार नाही.

कुणाला आपल्या चेहऱ्यात देश दिसतो आणि कुणाला नाही, याचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. 2014 मध्ये मेरी कोमच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट आला आणि तिची भूमिका करायला ईशान्येतली एकही अभिनेत्री सापडली नाही. तो चित्रपट तिच्या स्वतःच्या राज्यातल्या चित्रपटगृहांत लागला नाही, कारण तिथल्या एका भूमिगत संघटनेने 2000 पासून हिंदी चित्रपटांवर बंदी घातलेली. तिची गोष्ट तिच्या चेहऱ्याशिवाय सांगितली गेली, आणि तिच्या शेजाऱ्यांपर्यंत पोचू दिली गेली नाही. पहिली गोष्ट आपण केली, दुसरी बंदूकवाल्यांनी. दोन्ही आम्हाला अमान्य आहेत.

डोंगर आणि खोरं यांच्याविषयी बोलताना आम्ही जास्त सावध आहोत, आणि जास्त ठामही. राज्याच्या क्षेत्रफळात खोरं सुमारे एक दशांश, पण विधानसभेच्या 60 पैकी 40 जागा तिथल्या. मोठी मैदानं, प्रशिक्षण केंद्रं, निवड चाचण्या, विमानतळ, सगळं इंफाळमध्ये. शांततेच्या काळात डोंगरातली मुलं तासन्‌तास प्रवास करून तिथे यायची आणि भाड्याच्या खोल्यांत राहायची. कांगाथेईच्या मेरी कोमने तेच केलं. आज तो प्रवासच शक्य नाही. चुराचांदपूरहून इंफाळ साठ-पासष्ट किलोमीटर, पण मधे सुरक्षा दलांची पट्टी आहे आणि तिच्या पलीकडे जीव जाण्याची भीती. बाहेरच्या स्पर्धेला जायचं तर कुकी-झो खेळाडू तीनशेहून जास्त किलोमीटरचा डोंगरी रस्ता तुडवत आयझॉलला जातो आणि तिथून विमान धरतो. सामन्याच्या आदल्या दिवशी ज्याचं अंग त्या रस्त्याने खिळखिळं झालेलं असतं, त्याच्याकडून आपण वेळ नोंदवून घेतो आणि म्हणतो, पात्रतेला थोडक्यात हुकला. खोऱ्यातल्यांचं हालणंही सोपं राहिलेलं नाही: नेरोका आणि ट्राऊ या इंफाळच्या क्लबांना 2023-24 च्या आय-लीगमध्ये आपले 'घरचे' सामने राज्याबाहेर खेळावे लागले.

यात आपण कुठे आहोत?

आपल्यालाही हे दुखणं ओळखीचं आहे. 1952 मध्ये खाशाबा जाधव हेलसिंकीला गेले ते गोळेश्वर-कराडच्या लोकांनी गोळा केलेल्या पैशांवर आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून उभ्या केलेल्या रकमेवर. पदक मात्र देशाचं झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर. गावाने घडवायचं आणि सरकारने मिरवायचं, हा अन्याय काय असतो हे मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. आणखी एक नातं आहे. 2022 मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत देशी खेळांना जागा मिळाली, तेव्हा आपला मल्लखांब आणि त्यांची थांग-ता एकाच यादीत होते. आपल्या सातारा-कोल्हापूरचे जवान तिथल्या चौक्यांवर उभे राहतात. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये तिथली मुलं घडतात. सुशीला चानूसारखी भारताची कर्णधार मुंबईत रेल्वेच्या नोकरीत राहिली.

आणि आपली लाजही आहे. ऑगस्ट 2012 मध्ये याच पुण्यात ईशान्येकडच्या तरुणांवर हल्ले झाले, अफवा पसरल्या, आणि पुणे-बंगळुरूच्या फलाटांवरून हजारो मुलं घरी पळाली. आजही घरमालक चेहरा पाहून खोली नाकारतो, आजही रस्त्यात 'चिनी' म्हणून हाक येते. पदकाच्या दिवशी त्यांना 'भारत की बेटी' म्हणणारे आपण इतर दिवशी त्यांना काय म्हणतो, याचा जाब आम्ही पहिल्यांदा आपल्या सोसायट्यांना, कॉलेजांना, पोलीस ठाण्यांना विचारणार आहोत.

आमच्या मागण्या. सगळ्यात आधी रस्ता. खेळाडू, प्रशिक्षक आणि पंच यांना दोन्ही दिशांना, डोंगरातून विमानतळापर्यंत आणि खोऱ्यातून डोंगरापर्यंत, तटस्थ दलांच्या संरक्षणात ये-जा करता आली पाहिजे. खेळ हा राज्यसूचीतल्या 33 व्या नोंदीतला विषय आहे, त्यामुळे केंद्राने राज्याकडे बोट दाखवायची सोय आजवर होती. 13 फेब्रुवारी 2025 रोजी मणिपुरात राष्ट्रपती राजवट लागू झाली, आणि ती असेपर्यंत ही सोय उरली नव्हती. राज्याचं काम केंद्राने तेव्हा स्वतःच्या हातात घेतलं होतं, त्यामुळे रस्त्याचं उत्तर त्यालाही द्यावं लागेल.

दुसरं, कागद. ही बारीक गोष्ट वाटेल, पण आमच्यातल्या प्रशिक्षकांचा सगळ्यात जास्त आग्रह हिच्यासाठी आहे. घर जळतं तेव्हा जन्मदाखला जळतो, शाळेचा दाखला जळतो, स्पर्धांची प्रमाणपत्रं जळतात. वयोगटाच्या स्पर्धांमध्ये वयाचा पुरावा नसेल तर मूल मैदानात उतरूच शकत नाही. छावणीत गेलेली दोन वर्षं त्याच्या वयोगटातूनही वजा होतात. सोळा वर्षांचा मुलगा अठरा वर्षांचा झाला आणि त्याची संधी संपली. म्हणून विस्थापित खेळाडूंची जिल्हावार नोंद करा, कागद सरकारी खर्चाने पुन्हा द्या, आणि राष्ट्रीय संघटनांनी त्यांना वयोमर्यादेत दोन वर्षांची सूट द्यावी. हे करायला ना कायदा बदलावा लागतो, ना मोठा पैसा लागतो.

तिसरं, चुराचांदपूर, कांगपोकपी, उखरूल, सेनापती, तामेंगलाँग, प्रत्येक ठिकाणी पूर्णवेळ प्रशिक्षक असलेलं केंद्र आणि तिथेच निवड चाचण्या. चौथं, लैकाईच्या क्लबांना आणि गावांच्या युवक संघांना मधल्या कुणाशिवाय थेट अनुदान. पाचवं, खेळाडूंसाठी गणवेशाबाहेरच्या नोकऱ्या: क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट, क्रीडा व्यवस्थापक. ज्यांना दलांत जायचं आहे त्यांनी जावं, पण तो एकच दरवाजा नसावा. आणि घराच्या शांततेसाठी बोलल्याबद्दल कुठल्याही खेळाडूवर सेवानियमांखाली कारवाई होऊ नये, असा लेखी आदेश. तट्टांच्या चराईच्या जमिनी राखून ठेवा, हेही यातच धरतो.

महाराष्ट्र सरकारकडे आमची वेगळी मागणी आहे. मे 2023 मध्ये मणिपुरात शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना या सरकारने विमानाने सुखरूप परत आणलं. चांगलं केलं. जुलैमध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी मणिपूरच्या खेळाडूंना आपल्याकडे सरावाला बोलावलं. बालेवाडीचं शिवछत्रपती संकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलं गेलं, तिथल्या वसतिगृहात विस्थापित खेळाडूंसाठी राखीव जागा ठेवणं महाराष्ट्राला अवघड नाही. दोन्ही बाजूंच्या मुलांना सारख्या जागा, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे प्रशिक्षकही.

आम्ही स्वतः काय करणार, तेही बांधिलकीने लिहितो. आमच्या शाळांमध्ये, आमच्या समालोचनात, आमच्या बातम्यांत या खेळाडूंची नावं पूर्ण आणि शुद्ध उच्चारली जातील. आमच्या घरांत त्यांना खोल्या मिळतील. आमच्यातल्या वकिलांनी कागदपत्रांचं काम विनामूल्य अंगावर घेतलं आहे. पुण्यात किंवा मुंबईत खेळाडूवर वंशावरून हल्ला झाला, तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत आमची माणसं उभी असतील.

एक गोष्ट आम्ही करणार नाही. कुकी आणि मैतेई मुलांना एका मैदानात आणून, कॅमेऱ्यासमोर हात मिळवायला लावून 'शांतता सामना' भरवणार नाही. तशा सूचना आम्हाला आल्या आहेत, प्रायोजकही तयार आहेत. ज्या मुलीचा भाऊ गेला आणि ज्याचे गुन्हेगार मोकळे फिरताहेत, तिने आपल्या समाधानासाठी चेंडू पास करावा, ही अपेक्षा क्रूर आहे. ती मुलं स्वतः ठरवतील तेव्हा, ठरवतील तिथे खेळतील. तोवर दोघांनाही वेगवेगळ्या मैदानांवर सारखाच चांगला चेंडू, सारखाच चांगला प्रशिक्षक मिळेल, एवढं आमचं काम.

या चळवळीला अजून नाव दिलेलं नाही. नाव ठेवताना त्या दोन्ही बाजूंची माणसं एका खोलीत बसलेली असावीत, असं आम्ही ठरवलं आहे. सही करायला खेळाडू असण्याची गरज नाही, वर्गणी नाही. अट एकच: सही करणाऱ्याने आपल्या गल्लीत, आपल्या कॉलेजात किंवा आपल्या क्लबात विस्थापित खेळाडूसाठी एक जागा मिळवून द्यायची, आणि ती मिळाल्याचं आम्हाला कळवायचं. पहिली यादी घेऊन आम्ही महाराष्ट्राच्या क्रीडामंत्र्यांकडे जाणार आहोत.